सोडायची वस्तू

"मी गेल्यावर काशीले तूच जाजो. राजकुमारले पाठवू नको, तो सारी गंगा मोबाइलातच पाहीन. अन् सोडशील त आवडीची वस्तू सोडजो, नूतन. तू कारलं सोडून येशील, मले माहीत आहे."

शेषराव हे म्हणाले तेव्हा स्मृति नगरच्या घरामागच्या अंगणात खाटेवर पाय वर घेऊन बसले होते. हातात चहाचा स्टीलचा ग्लास. भिलाईच्या कारखान्यातल्या, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमधून रिटायर होऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं आणि तब्येतीची काहीच तक्रार नव्हती. विषय निघाला तो शेजारच्या भय्याजींवरून. भय्याजी आईचं करून काशीहून परतले होते. काशीला गेलं की एक आवडीची वस्तू गंगेला वाहायची आणि जन्मभर पुन्हा तोंडात घालायची नाही, हा रिवाज. भय्याजींनी दुधी भोपळा सोडला होता.

"भोपळा," शेषराव म्हणाले. "जो त्यायनं जन्मात खाल्ला नाही. गंगामाय काय येडी आहे?"

"बरं बाप्पा, नाही सोडत मी कारलं."

"वचन?"

"हाव, वचन. चहा निवून राहिला, प्या तो."

त्यानंतर पावसाळा सरला आणि एका सकाळी आंघोळीला गेलेले शेषराव बाहेर आलेच नाहीत. बादली भरून वाहत होती. नूतन आधी नळ बंद करायला म्हणून उठली होती.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. मुलगा राजकुमार रायपूरहून आला, त्यानं अस्थी राजिमच्या संगमावर नेल्या. तेरावं झालं. दुर्गचे महाराज म्हणाले, काशीचं वर्ष सरल्यावर करा. लोक येत, नूतनच्या पाठीवरून हात फिरवत, आणि ती त्यांना पाणी आणून देई. तिला रडू आलं नाही. आधी बायकांनी कौतुक केलं, धीराची आहे म्हणून. मग त्या काळजी करू लागल्या, आणि मग त्यांनी तो विषयच सोडून दिला.

नेम मात्र एकही चुकला नाही. सकाळी देवापुढे दिवा, तुळशीला पाणी, एक माळ जप, सोमवार, एकादशी. शेषरावांच्या फोटोला पाच फुलं, अंगणातलीच, जास्वंद नाहीतर तगर. देवावर तिचा राग नव्हता. पूर्वी दिवा लावताना ती देवाशी दोन शब्द बोलायची, तेवढं बंद झालं. वात पेटली की ती उठायची.

आणि दुपारी चारला चहा. शेषराव फर्स्ट शिफ्ट करून यायचे, जेवून झोपायचे, चारला उठायचे, तेव्हापासूनची ती वेळ. आलं ठेचून घातलेला, साखर जरा जास्त. ती दोन ग्लास भरायची. एक आपल्यापुढे ठेवायची, दुसरा समोरच्या रिकाम्या खाटेजवळ स्टुलावर. आपला पिऊन झाला की थोडा वेळ बसायची, आणि मग दुसरा, थंड झालेला, तोही पिऊन टाकायची. टाकून कसा द्यायचा. सासूबाई, मैनाबाई, ओसरीवरून हे पाहत.

वर्षश्राद्ध झालं तेव्हा राजकुमारनं विचारलं, "मम्मी, काशीसाठी सारनाथ एक्स्प्रेसचं रिझर्वेशन करू का? मी येतो सोबत."

"थांब जरा."

"कावून? बाबाले वचन दिलं म्हंते न तू?"

वचन होतं, म्हणूनच ती थांबली होती. सोडायचं काय, हे तिला सापडत नव्हतं. आंबा म्हणावा, तर गेल्या उन्हाळ्यात घरात आंबा आला होता का, हेच आठवेना. पुरणपोळी, सांबारवडी, बोरं, एकेक नाव मनात घेऊन ती जिभेवर काही येतं का ते पाही. सगळं सारखंच, ओल्या कागदासारखं. नावडती वस्तू सोडणं म्हणजे कारलंच सोडणं झालं. गंगेला फसवायचं एक वेळ, पण शेषरावांना कसं फसवायचं?

"साऱ्या दुनियेत हिलेच काही आवडत नाही," मैनाबाई भिंतीकडे पाहून म्हणाल्या.

त्यांना म्हणायचा हक्क होता. सासरे मारोतराव गेले तेव्हा मैनाबाईंनी काशीला सीताफळ सोडलं होतं. त्या मूळच्या भंडाऱ्याकडच्या, सीताफळावर जीव. घरामागचं झाड त्यांनीच लावलेलं. दर दिवाळीच्या सुमारास त्या झाडाखाली बसून नातवंडांना एकेक पाकळी सोलून देत, बोटं चिकट होत, आणि त्या उठून नळाखाली हात धूत. बोट चाटताना त्यांना कोणी पाहिलं नाही. शेषराव दर वर्षी हे पाहत आले होते.

अशात रीनाचा फोन आला. धाकटी रीना रशियात व्होल्गोग्रादला डॉक्टरकी शिकत होती. "मम्मी, लास्ट इयर है. एकदा त येऊन जा. बाबा येणार होते न, त्यायचं त राहूनच गेलं."

शेषरावांना तिथं जायचं होतं ते एका टेकडीसाठी. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा मारोतराव एका रशियन फिटरच्या हाताखाली क्रेन चालवायला शिकले होते. वासिली साहेब. तो त्याच गावचा. त्यानं मारोतरावांना मोडक्या हिंदीत सांगितलं होतं, की महायुद्धात आमच्या गावच्या टेकडीवर इतके गोळे पडले, की मातीपेक्षा लोखंड जास्त झालं. लढाई संपली, वसंत आला, सगळीकडे हिरवं झालं, आणि त्या टेकडीवर गवत उगवलं नाही. मारोतरावांनी हे शेषरावांना सांगितलं, शेषरावांनी पोरांना. दर वेळी शेवटी म्हणत, "एवढं लोखंड त आपल्या स्क्रॅप यार्डातही नसन." रीनाला ॲडमिशन कुठं मिळाली हे कळल्यावर त्यांनी पहिल्यांदा फी नाही विचारली, टेकडी विचारली.

नूतन गेली. जावंसं वाटलं असं नाही. नाही म्हणायला जो जोर लागतो तो तिच्यात नव्हता.

मॉस्कोहून पुढे ट्रेन होती. नूतनचे वडील भिलाई-३ ला रेल्वेत गार्ड होते, ती क्वार्टरात वाढलेली, गाडीत तिला कधी परकं वाटलं नाही. वाटेत एका स्टेशनावर गाडी थांबली तेव्हा ती दारात उभी राहिली आणि खाली वाकून बाजूच्या रुळाकडे पाहू लागली. शेषराव कुठल्याही स्टेशनात हेच करत. रुळाच्या बगलेवर उठलेली अक्षरं वाचत, कुठल्या मिलचा, कोणत्या सालचा, आणि आपला निघाला तर मुलाच्या पाठीवर मारावी तशी हवेत थाप मारत. इथली अक्षरं तिला वाचता येईनात. ती बराच वेळ पाहत राहिली.

"मम्मी, काय पडलं?" रीनानं विचारलं.

"काही नाही."

रीनाच्या खोलीत ती चार दिवस होती तेव्हाची गोष्ट. मनगटावरचं घड्याळ तिनं भिलाईचंच ठेवलं होतं, जपाची वेळ चुकू नये म्हणून. त्यात चार वाजले की तिचे हात मोकळे मोकळे वाटायचे. ती टेबल पुसायची, पुसलेलं परत पुसायची. रीना समोर असायची, म्हणून दोन ग्लास काढता येत नव्हते. चहा ती एकच करायची, रीना कॉफी घ्यायची.

टेकडीवर जायचा दिवस ढगाळ होता, वारा होता. ट्राम उतरल्यावर पायथ्याशी एक म्हातारी बाई बाकावर बसून फुलं विकत होती. डोक्याला रुमाल, पायाशी बादली, बादलीत लाल, झालरीसारख्या पाकळ्यांची फुलं. नूतननं स्वतः वाकून पाच निवडली. देवाला, फोटोला, घरी पाचच असतात.

म्हातारीनं फुलं पाहिली, टेकडीकडे बोट केलं आणि काहीतरी विचारलं. रीनानं मान हलवली. तेव्हा म्हातारीनं नूतनच्या हातातून एक फूल काढून घेतलं.

"नाही नाही, पाच," नूतननं पंजा दाखवला.

म्हातारीनं मान जोरात हलवली आणि चार बोटं दाखवली.

"मम्मी, छोड़ न," रीना म्हणाली. "यहाँ मरे हुओं को जोड़े से देते हैं. चार, सहा, असं. एकेरी फुलं जित्या माणसाले. वाढदिवस, शादी. वर पाच घेऊन गेली त लोक म्हणतील, काय बाई आहे."

"मेलेल्याले पाच नाही देत?"

"नाही."

"आपल्या घरी बाबाच्या फोटोले पाच असतात."

वर्षभर रोज सकाळी ती अंगणात फुलं मोजत होती. या बाईच्या हिशेबानं ती कुठल्यातरी जिवंत माणसाला देत होती.

म्हातारीनं चार फुलांचे पैसे घेतले. काढलेलं पाचवं फूल तिनं बादलीत परत ठेवलं नाही. ते नूतनच्या हातात दिलं आणि तिची बोटं वरून मिटली.

"हे तुह्यासाठी म्हंते," रीनानं सांगितलं.

नूतनला ते फूल कुठं ठेवावं कळेना. केसात माळणं बंद होऊन वर्ष झालं होतं. तिनं ते पिशवीत जपमाळेच्या डबीजवळ ठेवलं.

पायऱ्या रुंद होत्या आणि पुष्कळ होत्या. सगळ्यात वर तलवार उगारलेली, ओरडत असलेली दगडी बाई, ढगात गेलेली. नूतननं खालूनच हात जोडले.

"कोणती देवी आहे?"

"देवी नाही मम्मी. मातृभूमी आहे, मदरलँड."

"मग देवीच झाली न."

मधल्या चढावर एका गोल इमारतीत दिवा आहे, तो कधी विझत नाही, असं रीनानं सांगितलं. दारापाशी पोचताच नूतननं चपला काढल्या आणि भिंतीला लावून ठेवल्या.

"मम्मी, घाल. सब देख रहे हैं."

"आत अग्नी आहे न?"

"हो, पण इथं कोणी काढत नाही."

"न काढो."

आत जमिनीतून वर आलेला एक प्रचंड दगडी हात होता, हातात मशाल, मशालीत जाळ. भोवती गोल भिंतीवर खालपासून वरपर्यंत लढाईत मेलेल्या सैनिकांची नावं. दोन बाजूंना बंदूकधारी शिपाई, चोवीस-पंचवीस वर्षांचे, पापणीही न हलवता उभे. गणवेशातली एक बाई नूतनच्या पायांकडे पाहत पुढं आली. शेजारी एक म्हातारा टोपी हातात धरून उभा होता. त्यानंही पायांकडे पाहिलं, आणि त्या बाईला हळूच काहीतरी म्हटलं. बाई मागं गेली.

फरशी गार होती. गार लागतंय हे नूतनच्या लक्षात आलं.

रीना भिंतीवरची नावं वाचत होती. आडनाव, मग दोन अक्षरं, मग पुढचं आडनाव. एकाच आडनावाचे तिघे एकाखाली एक निघाले तेव्हा ती थांबली आणि डोळे पुसू लागली. "आजोबाचे वासिली साहेब यायच्यातलेच कोणाचे भाऊ असतील न?"

"असतील."

"तुले काहीच नाही होत, मम्मी? इथं त रडू शकते तू. इथं सगळे रडतात."

"येत नाही बाई," नूतन म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. दुकानात एखादी वस्तू नाही म्हणून सांगावं तसं ती म्हणाली. मग तिनं चारही फुलं जाळाच्या कठड्याशी, लोकांच्या फुलांवर ठेवली, आणि अग्नीला नमस्कार केला. त्या शिपायांपैकी एकाच्या कानाची पाळी थंडीनं लाल झाली होती. ती तिला दिसली.

बाहेर उतारावर गवत होतं. दाट, गुडघ्याएवढं, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेलं. नूतन चपला हातात घेऊन तिथं उभी राहिली.

"आता त उगवते," रीना म्हणाली. "खणलं की अजूनही तुकडे निघतात म्हणे. पण गवत उगवते."

"कधीपासून उगवायले लागलं?"

"काय माहीत. बाबाले माहीत असतं."

"नाही. त्यायले फक्त नाही उगवलं एवढंच माहीत होतं."

खाली ट्रामपाशी आल्या तेव्हा रीनाला हॉस्पिटलातून फोन आला. ती बोलत बोलत लांब गेली. म्हातारीनं बाकावर सरकून जागा केली आणि नूतनला बसवलं. पिशवीतून जुना थर्मास काढला. त्याला एकात एक अशी दोन झाकणं होती. मोठ्या झाकणात तिनं चहा ओतला, बिनदुधाचा, काळाभोर, आणि नूतनपुढे धरला. नूतन बाहेरचं काही घेत नसे. तिनं घड्याळ पाहिलं. भिलाईचे चार वाजून गेले होते. तिनं घेतला.

एक घोट घेतल्यावर ती बाकावर उजव्या बाजूला सरकली आणि डावीकडची जागा हातानं पुसली. मग मोकळा हात तिथंच ठेवून बसली. हे तिनं केलं हे तिला कळलंही नव्हतं. म्हातारी पाहत होती. तिनं नूतनच्या कपाळाकडे पाहिलं, बांगड्या नसलेल्या मनगटाकडे पाहिलं, पुसलेल्या जागेकडे पाहिलं. मग दुसरं, लहान झाकण काढलं, त्यात चहा ओतला आणि त्या जागी ठेवलं. पिशवीतून काळ्या पावाची चतकोर काढून तिनं ती झाकणावर आडवी ठेवली. आणि आपले दोन्ही हात मांडीवर घेऊन ती रस्त्याकडे पाहत बसली.

चहाची वाफ पावाच्या कडेनं बाहेर येत होती. नूतन तिकडे पाहत राहिली. आलं नव्हतं त्यात, दूधही नव्हतं. तरी तो निवतो आहे, आता कोणी घ्यायला हवा, ही रोजची घालमेल छातीत उठली, आणि त्या घालमेलीच्या मागोमाग आणखी काहीतरी आलं. तिला बरं वाटत होतं. दिवसाच्या या एका वेळी तिला बरं वाटायचं. घरी रोज वाटत आलं होतं.

रीना परत आली आणि पाव पाहून थबकली. "हे तिनं ठेवलं?"

"हाव. काय आहे हे?"

"इकडे असं करतात. गेलेल्या माणसाचा ग्लास भरून ठेवतात, वर पाव. घरी. चाळीस दिवस." तिनं आईकडे पाहिलं. "बाबासाठी ठेवला तिनं?"

"अन् चाळीस दिवसानंतर?"

रीनानं म्हातारीला विचारलं. म्हातारी दोन शब्दांत बोलली आणि हातानं उचलल्यासारखं केलं.

"उचलतात म्हंते. मग नाही ठेवत. जाऊ द्या लागते त्यायले."

नूतननं मान हलवली. मग म्हातारीनं स्वतःच पाव उचलला, चुरून समोरच्या कबुतरांना टाकला आणि चहा झाडाच्या मुळाशी ओतला. झाकण पुसून थर्मासला लावलं.

भिलाईला परतल्यावर नूतननं दोन दिवस काहीच सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी राजकुमारला फोन करून म्हणाली, "सारनाथचं तिकीट काढ. एकच. मी एकटी जाते."

मैनाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"सापडलं काय सोडायले?"

"हाव, आई."

"काय?"

"चहा."

"चहा? मग सकाळी डोकं दुखन तुहं. शेवटाले पेशीलच."

"माहा नाही. त्यायचा."

मैनाबाईंनी सूप परत मांडीवर घेतलं, पण हात तांदळात नुसता ठेवला. मागच्या दारातून सीताफळाचं झाड दिसत होतं, यंदा फळ धरलेलं. मग त्या म्हणाल्या, "मले वाटे तू तेवढं सोडून दुसरं काहीही शोधशीन."

"तुमाले माहीत होतं?"

"मी काय आंधळी आहो?" त्यांनी एक खडा वेचून बाहेर फेकला. "सोडल्यावर आवड जाते असं समजून जाऊ नको. मले अजून आवडते सीताफळ. वास आला की हात आपोआप झाडाकडे जाते."

"मग कसं करता?"

"हात धुते."

जायच्या दिवशी चारला नूतननं आलं ठेचलं. दोन ग्लास भरले. एक आपल्यापुढे, एक स्टुलावर. ती खाटेकडे तोंड करून बसली. आपला चहा प्याली. मग पुष्कळ वेळानंतर तिनं दुसरा उचलला. तो अजून कोमट होता. तो तिनं प्याला नाही, तुळशीच्या बाजूला सीताफळाच्या आळ्यात ओतला आणि ग्लास घासून, पुसून, फडताळात मागच्या रांगेत उपडा ठेवला. देवापुढे दिवा लावला. वात पेटल्यावर ती लगेच उठली नाही. "येते बाप्पा जाऊन," एवढं म्हणाली.

पिशवीत एक लुगडं, जपमाळेची डबी आणि डबीजवळ वाळून काळपट झालेलं एक फूल होतं. ते तिनं तसंच राहू दिलं. कोपऱ्यावर ऑटोवाला दुर्ग स्टेशनचं गिऱ्हाईक बघत उभा होता. मैनाबाई ओसरीवर भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या नव्हत्या, हे नूतनला माहीत होतं. तिनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला, चपला घातल्या, आणि कडी वाजू नये म्हणून फाटक दोन्ही हातांनी धरून ओढून घेतलं.